नुसता पहिलवान नव्हे

इंग्लिश फुटबॉलपटू अदेबायो अकिनफेन्वा म्हणजे फक्त फिफा या फुटबॉल व्हिडिओ गेममधला पहिलवान, असं काही जण म्हणतात. नाही पटलं. लिथुआनियात कोवळ्या वयात वर्णद्वेषी शेरेबाजी झेलून सुरुवात केलेला हा गडी पुढे वीसेक वर्षं खालच्या लीगांत टिकला, ते काय नुसत्या दंडांवर?

२०१६ चा लीग टू (इंग्लंडमधली चौथ्या पातळीची लीग) प्लेऑफचा, म्हणजे वरच्या लीगमध्ये बढती ठरवणारा अंतिम सामना आठवा. लंडनचं वेम्बली स्टेडियम, त्याचा क्लब एएफसी विम्बल्डन प्लायमाउथविरुद्ध १-० ने पुढे, भरपाईच्या वेळेत पेनल्टी. भाऊंनी हट्टाने चेंडू घेतला, गोल ठोकला. करार तिथेच संपत होता, म्हणून टीव्हीवर थेट सांगून मोकळा : मी बेकार आहे, मॅनेजर लोकहो, व्हॉट्सॲप करा! (असा बायोडेटा आपल्याला जमेल?) मग वायकॉम क्लबने घेतलं आणि २०२० मध्ये, वयाच्या ३८ व्या वर्षी, तो त्यांच्यासोबत चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे दुसऱ्या पातळीच्या लीगमध्ये पोचला. त्या क्लबचीही ती पहिलीच खेप.