वाई परिसरात तीच ती छायाचित्रे निघत आहेत, नवी कशी शोधावीत?

नमस्कार मंडळी,

मी वाईत राहतो आणि गेली सहा वर्षे हौसेने निसर्गदृश्यांची छायाचित्रे काढतो आहे. सकाळी दहाला दुकान उघडावे लागते आणि घरी वयस्कर आई असल्यामुळे मुक्कामाचे दौरे जमत नाहीत, त्यामुळे पहाटेचे दोन-अडीच तास आणि सोमवारची सुटी एवढाच वेळ हाती येतो. त्या वेळात स्कूटरवरून जाऊन परतता येईल असा माझा टापू म्हणजे ढोल्या गणपतीचा घाट, मेणवली, धोमचे धरण, पसरणीचा घाटरस्ता आणि फार तर पांडवगडाचा पायथा. टापूबद्दल माझी काही तक्रार नाही. पुण्या-मुंबईचे लोक कॅमेरे घेऊन याच जागी येतात, हे मी दर आठवड्याला पाहतो.

अडचण अशी की मागच्या महिन्यात हार्ड डिस्क आवरताना एकट्या मेणवलीच्या घाटाची ४०० हून अधिक छायाचित्रे निघाली आणि त्यांतली बहुतेक केवळ तारखेवरून एकमेकांपासून वेगळी ओळखता येत होती. पायऱ्यांची चंद्रकोर चौकटीत पुरी मावेल अशी एक जागा मला पहिल्याच वर्षी सापडली आणि तेव्हापासून मी दाव्याला बांधल्यासारखा तिथेच उभा राहत आलो आहे. धोमचेही तेच झाले आहे: पुढे पाणी, मागे डोंगर, वर ढग. ढग तेवढे बदलतात.

माझ्याकडे १८-५५ मिलिमीटर (रुंद दृश्याची) आणि ५५-२५० मिलिमीटर (दूरचे जवळ आणणारी) अशा दोन लेन्स, बऱ्यापैकी ट्रायपॉड आणि एक पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारी काच, आहे. एका मित्राने आणखी रुंद कोनाची लेन्स घ्यायला सांगितले, परंतु हातातली ५५-२५० तरी मी पक्ष्यांखेरीज कशासाठी वापरतो, असा प्रश्न मलाच पडला. कॅमेरा अगदी जमिनीलगत ठेवूनही पाहिला. त्याने एवढेच झाले की त्याच दृश्यात पुढे एक मोठा दगड वाढला.

तेव्हा जाणकारांना विचारायचे आहे की पाहून पाहून डोळ्यांत मुरलेल्या जागेत नवे दृश्य शोधण्याची आपली रीत कोणती? ऋतू आणि प्रकाश यांचा हिशेब आपण घरूनच मांडून निघता, की तिथे पोहोचल्यावर दिसेल ते घेता? सोमवारची दुपार मोकळी असते, तेव्हा दुपारच्या उन्हात काही हाती लागते का, हेही सांगावे. 'कासला जा', 'हरिश्चंद्रगडाला जा' असे मात्र कृपया सुचवू नये. तिकडची वाट मला ठाऊक आहे, वेळ नाही.

प्रतिसाद १

आपण जागा बदलू शकत नाही हे समजले, पण सूर्य वर्षभर जागा बदलत असतो आणि त्याचा उल्लेख आपल्या लिहिण्यात कुठे आला नाही. वाई जवळजवळ १८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे डिसेंबर ते जून या काळात मावळतीचा बिंदू क्षितिजावर सुमारे ५० अंश सरकतो. नकाशावर पट्टी ठेवून पाहा. वाईतून पाहिले तर डिसेंबरातला सूर्य पाचगणीच्या किंचित डावीकडे, पसरणीच्या बाजूच्या डोंगरामागे जातो आणि मे महिन्याच्या अखेरीस तोच धोमच्या दिशेला, म्हणजे नदी जिकडून येते तिकडे उतरतो. त्या दिवसांत संध्याकाळचे ऊन खोऱ्याच्या लांबीने येते, आणि हिवाळ्यात ते आडवे येते. आपली ती ४०० छायाचित्रे महिन्यांप्रमाणे वाटून पाहा. माझा अंदाज आहे की बहुतेक ऑक्टोबर ते जानेवारीतली निघतील, कारण तेव्हा हवा निवळलेली असते आणि माणसाला घराबाहेर पडावेसे वाटते.

दुसरी गोष्ट सावलीतल्या पाण्याची. घाट सावलीत आहे आणि पलीकडची झाडे किंवा डोंगर उन्हात आहेत, अशी थोडी मिनिटे बहुतेक निरभ्र दिवशी मिळतात. त्या वेळी घाट पाहू नका, पाणी पाहा. उन्हातल्या काठाचा तांबूस रंग तरंगाच्या एका उतारावर उतरतो आणि दुसरा उतार वरच्या आकाशाचा निळा रंग घेतो, त्यामुळे एकाच तरंगाला दोन रंग येतात. ५५-२५० लेन्स २०० च्या पुढे न्या आणि त्यातला हातभर तुकडाच, एखाद्या भिजलेल्या पायरीच्या कडेसह, चौकटीत घ्या. तेव्हा पोलरायझर काढून ठेवा, नाहीतर हवे तेच प्रतिबिंब पुसले जाईल. तो लागतो पावसाळ्यात, ओल्या पानांवरची पांढरी चकाकी काढायला. तुमच्याकडे हळदीची शेते आहेत. ऑगस्ट-सप्टेंबरातल्या ढगाळ दुपारी आकाश चौकटीबाहेर ठेवून नुसत्या त्या रुंद पानांच्या रांगा टिपता येतील. दुपारबद्दल माझे उत्तर एवढेच आहे. निरभ्र दिवशीच्या दुपारी मी झोपतो.

पसरणीच्या घाटातून थंडीतल्या पहाटे खालचे धुके सगळेच काढतात आणि सगळेच रुंद कोनातून काढतात. वळणावरून पूर्वेकडे पाहताना सूर्य समोर असतो, त्यामुळे झाडांच्या ओळी एकामागे एक फिकट होत जाणाऱ्या पट्ट्यांसारख्या दिसतात. लांब लेन्सने या पट्ट्या एकमेकींजवळ आणता येतात. मात्र सूर्य वर आला की धुके लवकर फाटते, तेव्हा ट्रायपॉड आधीच लावून ठेवावा.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी सहमत आहे, फक्त एक भर घालतो. ढोल्या गणपतीचे देऊळ सगळे समोरून टिपतात. १७६२ साली बांधलेल्या या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, पुराचे पाणी तिच्यावर दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावे म्हणून. मोठ्या पुरात ती भिंत आणि तिच्याशी दोन फाटे होणारे गढूळ पाणी, एवढेच एक चित्र होते. ते दुरून, पुलावरून किंवा उंच जागेवरूनच घ्यावे, धरणातून पाणी सोडलेले असताना घाटावर उतरू नये.

धोमला मे महिन्यात जा. पाणी उतरत जाते तशा काठाच्या मातीवर एकाखाली एक रेघा उमटत जातात. मात्र वाईला मेच्या मध्याला सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते आणि त्या रेघा सपाट होऊन नाहीशा होतात. सकाळी साताच्या सुमारास त्याच रेघा खोदल्यासारख्या दिसतील.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. मेणवलीची छायाचित्रे मोजली. ४१२ पैकी ३३७ ऑक्टोबर ते जानेवारीतली आहेत आणि मे महिन्यातले एकही नाही. उन्हाळ्यात मी कॅमेरा कपाटात ठेवतो हे मला आजवर जाणवलेही नव्हते.

काल सोमवारी सकाळी सांगितल्याप्रमाणे पाण्याकडे पाहत बसलो. पलीकडची झाडे उन्हात आली तेव्हाच शेजारच्या पायरीवर एक मावशी गोधडी धोपटायला लागल्या आणि पाणी सगळे ढवळले. मी आधी मनातून वैतागलो, पण प्रत्येक धपाट्याबरोबर तरंगांची नवी कमान निघत होती आणि ती बाहेरून तांबूस, आतून निळी अशी माझ्या पायरीपर्यंत येऊन शेवाळावर फुटत होती. मावशींनी 'कशाचा फोटो काढतोय रं?' म्हणून विचारले. पाण्याचा म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे नीट निरखून पाहिले आणि पुन्हा गोधडीला लागल्या.

आता नवी शंका. शटर १/६० सेकंदाला ठेवले की दोन्ही रंग एकमेकांत मिसळून पाण्याचा साबण दिसतो. १/५०० ला तरंगाची कड स्वच्छ कापलेली येते आणि मला तीच बरी वाटते, परंतु त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता, १६०० पर्यंत न्यावा लागला आणि सावलीतल्या पायरीवर दाणे उठले. २५० मिलिमीटरला लेन्सचे प्रकाश आत घेणारे छिद्र एफ/५.६ पेक्षा मोठे होत नाही. मग दाणे पत्करावेत, की लेन्सचा झूम कमी करून पाण्याजवळ जावे? दुसरे करायचे तर गुडघाभर पाण्यात उभे राहावे लागेल आणि डिसेंबरातले कृष्णेचे पाणी आपल्याला माहीत आहेच. पुढच्या सोमवारी पुन्हा जाणार आहे, तोवर कळवले तर बरे होईल.