सरळ पट्ट्यावर स्टिअरिंग उजवीकडे का धरतात? (इंडियानापोलिस ५००)

रात्रपाळी :
नमस्कार. गेली बारा-तेरा वर्षे मी फॉर्म्युला वन नेमाने पाहतो. अमेरिकेतल्या इंडियानापोलिसची पाचशे मैलांची मोटारशर्यत मात्र ‘नुसते डावीकडे वळत राहायचे, त्यात काय पाहायचे’ असे म्हणून मी कायम बाजूला ठेवली होती. ती आपल्याकडे मे महिन्याच्या अखेरीस एका रविवारी रात्री सव्वादहाच्या सुमारास सुरू होते आणि सोमवारी सकाळी कामावर जायचे असते, हेही एक कारण. परवा २०२४ च्या शर्यतीचे चित्रमुद्रण सलग पाहिले आणि दोन गोष्टींपाशी अडलो.

पहिली गोष्ट अशी की, चालकाच्या डोक्यामागून दिसणाऱ्या दृश्यात गाडी सरळ पट्ट्यावर नाकासमोर धावत असताना त्याचे हात स्पष्टपणे उजवीकडे कललेले होते. त्या गाडीत काही बिघाड असावा असे वाटले, परंतु दुसऱ्या चालकाचे हातही तसेच. दुसरी गोष्ट शेवटच्या फेरीची. पाटो ओवार्डने पहिल्या वळणावर जोसेफ न्यूगार्डनला मागे टाकले आणि तिसऱ्या वळणावर न्यूगार्डनने त्याला परत गाठून शर्यत जिंकली. त्यावर जाणकारांचे म्हणणे असे की, ओवार्ड पुढे गेला तो जरा लवकरच गेला. पुढे असणे हाच तोटा, हे काय गौडबंगाल आहे?

पाना_पक्कड :
दुसऱ्या प्रश्नावर माझ्यापेक्षा जाणते लोक येथे आहेत. पहिल्यावर लिहितो, कारण वाहनांच्या सस्पेन्शनवरच माझे पोट चालते.

त्या गाडीत बिघाड नसतो. ती मुद्दाम वाकडी बांधलेली असते. हा मार्ग अंडाकृती म्हणवला जात असला तरी खरे पाहता तो कोपरे गोल केलेला आयत आहे. सुमारे एक किलोमीटरचे दोन लांब पट्टे, दोनशे मीटरचे दोन आखूड पट्टे आणि प्रत्येकी चारशे मीटरची चार वळणे, ज्यांचा आतल्या बाजूला असलेला उतार अवघा ९ अंश १२ मिनिटे आहे. फेऱ्या २००, म्हणजे ८०० वळणे, आणि सगळी डावीकडची. ज्या गाडीला उजवे वळण घ्यायचेच नाही, तिच्या दोन्ही बाजू सारख्या ठेवणे हा शुद्ध अपव्यय होय.

म्हणून मागच्या उजव्या टायरचा घेर डाव्यापेक्षा किंचित मोठा ठेवतात. याला स्टॅगर म्हणतात. स्वयंपाकघरातला निमुळता स्टीलचा पेला फरशीवर आडवा लोटून पाहा. तो सरळ जात नाही, बुडाच्या बाजूला वळत गोल फिरतो. त्याखेरीज चारही चाके डावीकडे, म्हणजे वळणाच्या आतल्या बाजूला, झुकवलेली असतात, आणि उजव्या टायरांची बांधणीही डाव्यांपेक्षा वेगळी असते, कारण सगळा भार त्यांच्यावर येतो. अशी गाडी मोकळी सोडली तर आपोआप डावीकडे जाते. सरळ पट्ट्यावर तिला आवरून धरावे लागते, आणि आपण पाहिलेले कललेले हात ते हेच. वळण आले की चालक तिला ‘वळवत’ नाही, तर ‘जाऊ देतो’. पुढची चाके जितकी कमी फिरवावी लागतील तितकी ती कमी घासतात आणि तितका वेग टिकतो. ताशी ३५० किलोमीटर वेगाने हे वळण चार सेकंदांत संपते, त्यामुळे या बारीकसारीक बचतीलाही मोल आहे.

मात्र सकाळी बसवलेला हा मेळ दुपारी तसाच राहत नाही. टाकीतले सुमारे ७० लिटर इंधन जळत जाते, टायर झिजतात, वारा दिशा बदलतो. त्यासाठी चालकाच्या हाताशी वेट जॅकर नावाची सोय असते. डुगडुगणाऱ्या चौरंगाच्या एका पायाखाली आपण कागदाची घडी सारतो, तेव्हा चारही पायांवरचा भार बदलतो. हे यंत्र तेच काम कळ दाबून, धावत्या गाडीत करते. पुढचे आणि मागचे अँटीरोल बारही (वळणात गाडीचे कलणे आवरणारे दांडे) चालकालाच बसल्या जागेवरून बदलता येतात. चांगला चालक दर फेरीला यांपैकी काही ना काही चाळवत असतो, आणि दूरदर्शन संचावर ते अजिबात दिसत नाही. ‘नुसते डावीकडे वळणे’ हा समज त्यातूनच झाला असावा.

शिवारकर :
पेल्याचे उदाहरण पटले. आमच्याकडे खळ्यावर मळणी चालायची तेव्हा तिवड्याजवळ, म्हणजे मधल्या खांबाजवळ, म्हातारा, संथ बैल आणि पातीच्या बाहेरच्या टोकाला तरणा, चालका बैल जुंपत असत, कारण बाहेरच्याला तेवढ्याच वेळात जास्त वाट तुडवावी लागते. उजवा टायर मोठा ठेवण्यामागे हाच हिशेब दिसतो.

अनघा_व :
दुसऱ्या प्रश्नाविषयी. पुढची गाडी हवा फाडत जाते आणि तिच्या मागे विरळ हवेची पोकळी राहते. उघड्या चाकांमुळे या गाड्यांना हवेचा रोध बराच होतो, त्यामुळे मागच्याला मिळणारा आडोसाही मोठा असतो. एक किलोमीटरच्या पट्ट्यावर मागचा चालक त्या आडोशात वेग साठवतो आणि पट्टा संपता संपता बाहेर पडून पुढे सटकतो. फॉर्म्युला वनमध्ये पुढचा चालक मंद वळणांतून आधी बाहेर पडून अंतर वाढवू शकतो. येथे सगळेच जवळजवळ पूर्ण वेगात असल्याने पळून जायला जागाच नसते. २०२३ मध्येही न्यूगार्डनने शेवटच्या फेरीत मार्कस एरिक्सनला याच रीतीने गाठले आणि मग आडोसा तोडण्यासाठी नागमोडी गाडी हाकत ०.०९७४ सेकंदांनी शर्यत जिंकली. वर्षभराने ओवार्डच्या वाट्यालाही तेच आले.

आडोशातल्या गाडीचे इंधनही वाचते. टाकी साधारण तीसेक फेऱ्या पुरते, त्यामुळे एखाद-दोन फेऱ्या उशिरा पिटमध्ये (इंधन-टायरांसाठी थांबायच्या जागी) शिरण्याची मुभा मिळणे ही मोठी कमाई असते. म्हणूनच मधल्या टप्प्यात आघाडीचे दोघे आलटून पालटून एकमेकांना पुढे घालतात. त्याला भांडण समजू नये, तो समजूतदारपणा आहे.

पण ‘पुढे असणे हा तोटाच’ असे सरसकट म्हणणे मला मान्य नाही. दुसऱ्या क्रमांकापर्यंतच ही मौज असते. चौथ्या-पाचव्या क्रमांकावर हवा इतकी घुसळलेली मिळते की वळणात पुढच्या चाकांची पकड सुटते आणि गाडी भिंतीकडे सरकू लागते. शिवाय आघाडीवीरालाही आडोसा मिळू शकतो. २०२५ मध्ये अ‍ॅलेक्स पालोने १४ फेऱ्या शिल्लक असताना एरिक्सनला मागे टाकले, तेव्हा मलाही वाटले की हा घाईत फसला. परंतु त्याच्या पुढे फेरीने मागे पडलेल्या दोन गाड्या धावत होत्या, आणि तो शांतपणे त्यांच्या आडोशात राहिला. अशा अंडाकृती (ओव्हल) मार्गावर त्याआधी त्याने एकही शर्यत जिंकलेली नव्हती, हे विशेष.

रात्रपाळी :
पाना_पक्कड, शिवारकर आणि अनघाताई, तिघांचेही आभार. पेल्याचा प्रयोग करून पाहिला. घरच्यांच्या चेहऱ्यावर प्रश्नचिन्ह होते. ही शर्यत प्रत्यक्ष पाहिलेले कोणी येथे आहे काय?

कोथरूड_ते_कोलंबस :
मी दोनदा पाहिली आहे. डिझेल इंजिने बनवणाऱ्या कमिन्स कंपनीचे मुख्यालय इंडियानातल्या कोलंबस गावी आहे आणि तेथून इंडियानापोलिस मोटारीने तासाभराच्या आत येते. पुण्याहून तेथे नोकरीस गेलेल्यांपैकी बहुतेकांना एकदा तरी ही वारी घडतेच. खाण्याची पेटी आत नेऊ देतात, त्यामुळे आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून नेली होती.

आमची जागा पहिल्या वळणापाशी होती. तेथून वेगापेक्षा भीती जास्त कळते. गाड्या प्रेक्षागारांच्या दोन भिंतींमधून अंगावर येतात, सगळ्या एकाच चिंचोळ्या रेषेत वळतात आणि ती रेषा चुकलेली गाडी कशी डगमगते ते डोळ्यांना दिसते. त्या रेषेच्या बाहेर टायरांपासून सुटलेल्या रबराचा चुरा साचतो आणि त्यावर चाक गेले की पकड संपली.

या चुऱ्याची एक कथा कोलंबसमध्ये आवडीने सांगतात. १९३१ मध्ये कमिन्सची डिझेल गाडी एकदाही न थांबता पाचशे मैल धावली आणि तेरावी आली. अशी मजल मारणारी ती पहिलीच. पुढे १९५२ मध्ये फ्रेड अगाबाशियनने त्यांच्याच टर्बोचार्जर (इंजिनात हवा दाबून भरणारे यंत्र) बसवलेल्या डिझेल गाडीतून पात्रता फेरीत पहिला क्रमांक पटकावला. ट्रकचे इंजिन म्हणून हिणवणाऱ्यांची तोंडे बंद झाली. शर्यतीत मात्र टर्बोचार्जरची हवा आत घेणारी वाट अगदी खाली, नाकाजवळ होती. तिच्यात हाच रबराचा चुरा अडकत गेला आणि ७१ व्या फेरीला गाडी बाहेर पडली. ज्या यंत्राने पहिला क्रमांक मिळवून दिला, त्याचाच श्वास कोंडला.

दुसऱ्या वर्षी आम्ही कुंपणाच्या बरेच जवळ बसलो होतो. घरी येऊन टोपी झटकली तर काळ्या रबराचे दोन तुकडे पडले, हरभऱ्याएवढे, अजून चिकट. ते मी काड्यापेटीत घालून पुण्याला आणले आहेत.