मदत हवी आहे: जीव हा घटातले आकाश की प्रतिबिंब?
नमस्कार. सदाशिव पेठेत आम्ही पाच-सहा जण दर रविवारी वेदान्ताचे वाचन करतो आणि गेले तीन आठवडे एकाच जागी अडलो आहोत. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, पाण्यात विरघळलेल्या मिठाचा दाखला देऊन ‘तत्त्वमसि’ (ते ब्रह्म तूच आहेस) सांगतो, तिथवर शंका नव्हती. पुढे मात्र जीव (प्रत्येक देहातला ‘मी’) आणि ब्रह्म एकच मानणाऱ्या अद्वैतातलीच दोन मते समोर आली: जीव हा घटाने मर्यादित झालेल्या आकाशासारखा मानावा हे ‘भामती’ या टीकाग्रंथाचे कर्ते वाचस्पतिमिश्र यांचे मत (अवच्छेदवाद), आणि तो अविद्येत, म्हणजे मूळ अज्ञानात, पडलेले ब्रह्माचे प्रतिबिंब मानावा हे ‘विवरण’ या टीकाग्रंथाच्या कर्त्यांचे मत; यांत आमचे एकमत होईना. घट दुसरीकडे नेला, तर त्यातले आकाश काही त्याच्याबरोबर जात नाही. मग कर्म करणारा आणि त्याचे फळ भोगणारा जीव एकच, हे अवच्छेदवादी कसे सिद्ध करतात? उलट, निराकार ब्रह्माचे प्रतिबिंब पडते म्हणजे नेमके काय होते? (आमच्यातले एक निवृत्त अभियंते आरशाची उदाहरणे देऊन थकले.) जीव आणि ब्रह्म वेगळेच मानणाऱ्या द्वैतमताचे उत्तर येथे नको, कारण त्याने प्रश्न सुटत नाही, तो बदलतो. अद्वैताच्या चौकटीत हे मराठीतून समजावू शकणारे, शक्यतो पुण्यात प्रत्यक्ष भेटू शकणारे कोणी जाणकार असल्यास कृपया कळवावे.