जुन्या गाडीच्या एसीत घरी गॅस भरावा, की तो नसता उद्योग?

दहाचा_पाना
कूलिंग कमी झालं की लोक थेट गॅरेज गाठतात. माझ्या मते आर-१३४ए (एसीत फिरून थंडावा देणारा गॅस) वरच्या गाडीत गॅस घरी पुरा करता येतो. बॉनेटखालच्या स्टिकरवर गॅसचं नाव आणि वजन छापलेलं असतं, ते आधी वाचा. लो साइडचं (कमी दाबाच्या बाजूचं) तोंड १३ मिलिमीटरचं आणि हाय साइडचं (जास्त दाबाच्या बाजूचं) १६ चं, त्यामुळे कॅनचा कपलर, म्हणजे जोडणी, चुकीच्या जागी बसतच नाही.

इंजिन चालू, एसी फुल, ब्लोअर जोरात, रीसर्क्युलेशन चालू, दारं उघडी. कॅन टोचल्यावर कपलरकडची फिरकी क्षणभर सैल करून नळीतली हवा घालवा, नाहीतर तीच आत जाते. कॅन उभा धरा. उलटा धरलात तर वायूऐवजी द्रव जातो. कॉम्प्रेसरला द्रव दाबता येत नाही, त्याच्या झडपांच्या पट्ट्या मोडतात. चष्मा आणि हातमोजे हवेतच, कारण हा द्रव उघड्या हवेत उणे २६ अंशांना उकळतो. लो साइडचा दाब २५ ते ४५ पीएसआयमध्ये (दाबाचं एकक) आला की थांबा. एवढंच काम आहे.

वाळ्याचा_पडदा
साफ असहमत. दाबावरून गॅस किती आहे ते कळतच नाही. बंद गाडीत २५ अंशांना आर-१३४ए चा दाब सुमारे ८२ पीएसआय असतो, मग आत द्रव ५० ग्रॅम असो वा ५०० ग्रॅम. चालू गाडीत लो साइड ४५ दिसली तर तीन कारणं असू शकतात: बाहेर कडक ऊन आहे, गॅस जास्त झालाय, किंवा कॉम्प्रेसर झिजलाय. कॅनवरचं गेज तिन्ही वेळा तोच आकडा दाखवणार.

लहान गाडीत सगळा मिळून ४००-५०० ग्रॅम गॅस असतो. त्यात १०० ग्रॅम जादा गेला की कंडेन्सर (गरम वायू थंड होऊन द्रव होतो तो भाग) द्रवाने तुंबतो, वायू थंड व्हायला जागा उरत नाही, हाय साइड ३०० च्या वर चढते आणि जाळीतून कोमट हवा येते. भरणाऱ्याला वाटतं अजून कमीच आहे. मग दुसरा कॅन!

दहाचा_पाना
म्हणून तर कॅन स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवायचा.

वाळ्याचा_पडदा
काटा किती गेला ते सांगेल. आत आधी किती होता ते कोण सांगणार?

फिरकी
दोघांचंही अर्धं बरोबर. वजनाने भरणं हाच खरा मार्ग, पण तो फक्त रिकाम्या सिस्टिमला लागू होतो. घरी करायचंच असेल तर टॉप-अप सोडा, पूर्ण काम करा. त्यासाठी दोन्ही बाजूंचा दाब दाखवणारं दोन घड्याळांचं मॅनिफोल्ड गेज आणि खरा व्हॅक्यूम पंप लागतो.

आधी गळती शोधा. गॅसबरोबर तेलही झिरपतं, म्हणून जिथे तेलकट धूळ चिकटलेली दिसेल तिथे संशय घ्या: कॉम्प्रेसरच्या पुलीमागचं शाफ्ट सील, पाइपांच्या जोडातले ओ-रिंग, कंडेन्सरचा खालचा भाग. भरायच्या तोंडातली झडप तर हमखास सुटते. टोपण काढून साबणाचा फेस लावला की बुडबुडा दिसतो. ओ-रिंग एसीचेच घ्या, नळाचे नकोत. सिस्टिम उघडली की ड्रायर (ओल शोषणारा डबा) बदला.

मग किमान ४५ मिनिटं व्हॅक्यूम. हवा काढणं हा त्यातला सोपा भाग. खरं काम ओल काढण्याचं. २५ अंशांना पाणी उकळायला दाब पाऱ्याच्या २४ मिलिमीटरच्या खाली जावा लागतो, दमलेला पंप तिथवर पोचत नाही. उरलेली ओल एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या (द्रवाचा दाब एकदम उतरवणाऱ्या झडपेच्या) बारीक भोकात गोठते: दहा मिनिटं गार, मग गरम, मग पुन्हा गार. गेजचे नॉब बंद करून अर्धा तास थांबा. गेजचा काटा सरकला तर भरायचं नाही.

गॅस वजनाने, लो साइडने, वायूरूपात. इंजिन चालू असताना हाय साइडचा नॉब चुकूनही उघडू नका. उलटा दाब कॅनमध्ये घुसतो आणि कॅन फुटतो.

वाळ्याचा_पडदा
हे पटलं. पण 'रिकामी सिस्टिम' घरी कशी करणार? उरलेला गॅस हवेत सोडून? आर-१३४ए ची उष्णता धरण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट धरली जाते. ४०० ग्रॅम सोडला म्हणजे ५७० किलो कार्बन डायऑक्साइड. अनेक देशांत तो गुन्हाही आहे. गॅस ओढून साठवणारं रिकव्हरी मशीन घरी नसतं, म्हणजे पहिली पायरी गॅरेजमध्येच. मग तिथेच भरून का घेऊ नये?

फिरकी
कारण घाईत दहा मिनिटांच्या व्हॅक्यूमवर गॅस भरून गाडी हातात देणारेही आहेत. गॅस त्यांच्याकडून काढून घ्या, पुढचं सावकाश घरी करा.

आर_बारा
१९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या गाड्यांचं काय? त्यात आर-१२ हा जुना गॅस आणि खनिज तेल असतं. वर नुसता आर-१३४ए ढकलला तर तो त्या तेलात मिसळत नाही, तेल परत येत नाही आणि कॉम्प्रेसर कोरडा फिरून जाम होतो. जुनं तेल काढा, एस्टर तेल घाला, ओ-रिंग आणि ड्रायर बदला. आर-१२ च्या वजनाच्या साधारण ८० ते ९० टक्केच भरा. स्वस्तात एलपीजी भरणाऱ्यांना एकच आठवण: इव्हॅपोरेटर (केबिनची हवा गार करणारा भाग) डॅशबोर्डच्या आत असतो. तो गळला की ज्वलनशील वायू थेट केबिनमध्ये.

दहाचा_पाना
पूर्ण रिकाम्या सिस्टिमला व्हॅक्यूम हवाच, हे मान्य. पण वर्षाकाठी थोडी घट असेल तर ५०-६० ग्रॅम टॉप-अपने काही बिघडत नाही, यावर मी ठाम आहे. आणि सीलरवाला (गळती बुजवणारं रसायन घातलेला) कॅन चालेल का?

फिरकी
अजिबात नाही. सीलर हवा-ओल लागली की घट्ट होतो, आणि ओल सिस्टिमच्या आतही असतेच. व्हॉल्व्ह चोंदतो, रिकव्हरी मशीनही बिघडतं. पुढे कुणी गाडी हातात घेत नाही. आणि ५० ग्रॅम घालण्याआधी कंडेन्सरचा पंखा फिरतोय का ते बघा. गाडी धावताना गार आणि सिग्नलला गरम असेल, तर गॅसआधी संशय पंख्यावर घ्या.