प्रति: प्रत्येक टूलचं वेगळं पॅकेज?
वरच्या पोस्टमध्ये सुचवलंय की लिनक्सवाल्या राउटरसाठी प्रत्येक कमांडचं वेगळं स्टॅटिक पॅकेज (लागणारी लायब्ररी आतच भरलेलं) करा. नाही पटलं हो, अशाने प्रत्येक बायनरीत (तयार प्रोग्रॅम फाइलीत) सी लायब्ररीचे, म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमना लागणाऱ्या मूळ कोडचे, तेच तुकडे पुन्हा पुन्हा भरले जातात आणि इथे इंदूरला जेलरोडवर जे जुने ८ एमबी फ्लॅशवाले राउटर मिळतात त्यात लिनक्सचा कर्नलपण (सिस्टिमचा गाभा) बसवायचाय ना. बिझीबॉक्स, म्हणजे अनेक कमांड एकत्र असलेला छोटा प्रोग्रॅम, याचसाठी तर आहे, ब्रूस पेरेन्सनी १९९५ला डेबियन लिनक्सचा इन्स्टॉलर एका फ्लॉपीत मावावा म्हणून सुरू केलं, बायनरी एकच, एलएस, ग्रेप, टार सगळ्या नुसत्या लिंका, ज्या नावाने बोलवाल ते काम करतं. मेनूकॉन्फिगमध्ये (बिल्डआधीच्या निवडीच्या मेनूत) नको ती अ‍ॅपलेट, म्हणजे आतल्या कमांड, काढा, मसल या छोट्या सी लायब्ररीवर बिल्ड करा, स्ट्रिप करा म्हणजे डीबगची माहिती काढून टाका. व्हीआय हा टेक्स्ट एडिटर मात्र काढू नका, नेटवर्क बंद पडलं की सीरियल केबल लावून कॉन्फिग सुधारायला तेच लागतं.