अनुभव धागा: ऋण्यांस ऋण, आणि घरातल्या बाकी गोष्टी

मिरजकरीण
परवा रात्री लाइट गेली. इन्व्हर्टरनेही नेमकी तेव्हाच मान टाकली. मुलं मेणबत्तीभोवती बसली, धाकटीने कुणी न सांगता "हे आमच्या स्वर्गातील पित्या" सुरू केलं आणि मी एकदम मिरजेच्या जुन्या घरात जाऊन पोचले.

आमच्याकडे रोज जेवायच्या आधी घरगुती प्रार्थना असायची. पप्पा शास्त्रपाठ, म्हणजे बायबलमधला उतारा, वाचायचे, आई गीत धरायची, शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना, तीच "हे आमच्या स्वर्गातील पित्या". त्या वर्षी काकांनी स्कूटरसाठी पप्पांकडून तीन हजार नेले होते. पप्पांचा जवळजवळ दोन महिन्यांचा पगार. परत आलेच नाहीत. दोघे भाऊ एका मंडळीत, म्हणजे एकाच चर्चमध्ये, वर्षानुवर्षं एकाच बाकावर बसणारे, पण पप्पा दर रविवारी खांबाआडचा बाक धरायला लागले.

आता मराठीत त्या प्रार्थनेतली क्षमेची ओळ कशी आहे ते तुम्हाला माहीतच आहे. "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे." मी नऊ वर्षांची. माझी खात्रीच होती की ही ओळ काकांबद्दल लिहिलेली आहे. एका रात्री पप्पा "जसे आम्ही आपल्या" इथपर्यंत आले आणि थांबले. भाऊ खणखणीत आवाजात म्हणाला, "काकांचे तीन हजार!" आईने त्याला असा चिमटा काढला की तो रडलाच. पप्पा सरळ "आम्हांस परीक्षेत आणू नको" वर गेले. दुसऱ्या रात्रीही तेच. असे नऊ-दहा दिवस गेले. आईला ती ओळ एकटीला म्हणता आली असती, पण तीही त्या जागी गप्प व्हायची.

मग एका रात्री पप्पांनी ती ओळ पूर्ण म्हटली. मध्ये काय झालं ते आम्हा पोरांना कुणी सांगितलं नाही. त्या रविवारी काका भडंगाची ही एवढी पिशवी घेऊन जेवायला आले.

क्षमेवर किती उपदेश ऐकले असतील, एकही आठवत नाही. ते गाळलेले दहा दिवस आठवतात. मनात नसताना पप्पा ती ओळ रेटून म्हणाले नाहीत. तुमच्याही घरात असं काही घडलं असेल तर लिहा.

हळदगल्ली
चिमट्यापर्यंत हसत होतो, पुढं गप्प झालो. भडंग कुठलं होतं पण?

कृष्णाकाठ
आमच्याकडे शास्त्रपाठ म्हणजे झोपायची वेळ. आजोबा वंशावळी पण सोडायचे नाहीत, अमुक्याला तमुका झाला, तमुक्याला फलाणा झाला. मी अब्राहामाच्या पुढं कधी जागी राहिले नाही. डुलकी लागली की आजोबा काठीने पायाला टोचायचे आणि वाचन चालूच. (कुकर लावलाय, नंतर लिहिते.)

तासगावचा बागायतदार
मी कधी लिहीत नाही, आज लिहितो. योहान १५ वर, म्हणजे येशू द्राक्षवेल आणि आपण फांद्या त्या अध्यायावर, आमच्याकडे पाहुणे वक्ते आले की ठरलेलं बोलतात, छाटणी म्हणजे शिक्षा, देव पाप्याला कापतो. माझी द्राक्षबाग आहे. मागल्या बाकावर बसून मला हसू येतं. वचनात नीट बघा, फळ देणाऱ्या फांदीलाच तो साफ करतो. वाळकी काडी कोण छाटत बसतंय, ती नुसती काढून टाकायची.

आमच्याकडं वर्षाला दोन छाटण्या. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. खरड छाटणीला ओलांड्यापर्यंत, म्हणजे वेलीच्या आडव्या जाड फांदीपर्यंत, सगळं खरडून काढतो. नवखा माणूस बघून म्हणेल, बाग संपली. आणि खरी गंमत पुढंच आहे. ऑक्टोबरनंतर जो घड दिसतो तो त्या एप्रिलच्या छाटणीनंतर पहिल्या दोनेक महिन्यांत डोळ्याच्या आत तयार झालेला असतो. सूक्ष्म घडनिर्मिती म्हणतात. वरून काय दिसत नाही. नुसता पाला. तेव्हा पाणी-खत चुकलं तर ऑक्टोबरात डोळे फुटायचं औषध लावून कितीबी पेस्टिंग करा, डोळा फुटतो पण घड येत नाही, नुसती बाळी, म्हणजे वेलीचा ताणा, निघते.

पोरगं दहावीला होतं तेव्हा सहामाहीला गणितात नापास झालं. मी लई बोललो. हात उचलला नाही, पण बोललो ते हात उचलण्यापेक्षा वाईट होतं. दुसऱ्या दिवशी बागेत होतो, तर ते येऊन विचारतंय, "पप्पा, काडीत घड आहे का नाही हे आधी कळतं का?" मी म्हटलं, कळतं की, डोळे तपासायला प्रयोगशाळेत काड्या पाठवतो आपण. ते म्हणालं, "मग काडी कापूनच बघावी लागत असंल." मला पुढं बोलताच आलं नाही. पंप सुरू करायला म्हणून तिथनं गेलो.

हळदगल्ली
दादा, पोरगं लई पुढं जाणार तुमचं. बेदाण्याचे सौदे कसे चाललेत यंदा?

तासगावचा बागायतदार
दराचं काय विचारू नका. हा प्रार्थनेचा धागा आहे, तोंडातून वाईट शब्द जाईल.

पोवईनाका_सातारा
😂😂

साताऱ्याची सून
माझं मार्था-मरीयेचं आहे. बायबलातल्या त्या दोघी बहिणी, येशू घरी आला तेव्हा मार्था कामात बुडालेली, मरीया त्याच्या पायाशी ऐकत बसलेली, आणि येशू म्हणाला, मरीयेने चांगला वाटा निवडला. लग्नानंतरचा पहिला नाताळ. घरात करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या, आणि मध्येच चर्चचे पाळक आणि मंडळीतली पंधरा माणसं घरभेटीला. बाहेर गीतं चाललीत, पेटी वाजतेय आणि मी कढईपुढे. तेल उडून हात भाजला. एवढ्यात कुणीतरी आतल्या दाराशी येऊन म्हणालं, "अगं मार्था, ये की बाहेर, चांगला वाटा निवड!" मी झारा आपटला. बाहेर ऐकू गेला म्हणे.

आत्याबाई उठून आत आल्या. मला वाटलं आता बोलणार. त्यांनी पदर खोचला, माझ्या हातातला झारा घेतला आणि मोठ्याने, बाहेर ऐकू जाईल असं म्हणाल्या, "भाऊ लाजर मेला तेव्हा येशूला सामोरी कोण गेली? मार्था. मरीया घरातच बसली होती. आणि तूच ख्रिस्त आहेस असं तिथं तोंडानं कबूल कुणी केलं? तेही मार्थानंच. योहान अकरा वाचा सगळ्यांनी. आणि वाचून झालं की चार जणांनी आत येऊन करंज्या भरा."

दोन तरुण खरंच आले. करंज्या त्यांनी फाडल्याच, पण आले.

आत्याबाई चौथी शिकलेल्या. मला अजून कळत नाही की इतकी वर्षं त्यांनी हे नुसतं मनात ठेवलं होतं की त्यांनाही कधी कुणी "अगं मार्था" म्हटलं होतं.

कृष्णाकाठ
आत्याबाईंना माझा सलाम सांगा 🙏 कुकर झाला. आता मुलीचा प्रोजेक्ट. थर्माकोल संपलाय.

पोवईनाका_सातारा
मी ख्रिस्ती नाही, पण धागा आवडीने वाचतोय. एक विचारू का? ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक शेवटी शेवटी साताऱ्यात होते ना?

मिरजकरीण
हो. १९१७ मध्ये त्यांनी साताऱ्यात "देवाचा दरबार" सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, येशूला मानणारे सगळे एकत्र, अशी कल्पना होती. १९१९ मध्ये ते गेले. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा १८९५ चा, पत्नी लक्ष्मीबाईंनी काही वर्षांनी घेतला. मधल्या काळात त्या संसाराने काय काय पाहिलं. आपण झारे आपटतो ते काहीच नाही.

गावभागातला
२०१९ चा पूर. सांगलीत आमच्या तळमजल्यात छातीभर पाणी. वरच्या मजल्यावरच्या जोशी आजींकडे आम्ही सहा माणसं, पाच दिवस. आजी संध्याकाळी दिवा लावायच्या आणि म्हणायच्या, "तुमचं वाचन असतं ना या वेळी? करा, मी बसते." बायबल खाली पाण्यात. मग बायकोने पाठ असलेलं १२१ वं स्तोत्र म्हटलं. आजी म्हणाल्या, उद्या परत हेच म्हण.

पंचवीस वर्षं मी "द्यावे" यावरच बोलत आलो, मंडळीच्या तरुण संघात पण. दुसऱ्याच्या घरात दुसऱ्याच्या पातेल्यातलं जेवताना कळलं की घेता येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी आजींना पैसे द्यायला गेलो. त्यांनी ते माझ्या हातातच मिटले आणि म्हणाल्या, "आता भांडी घास." घासली.

विटेकर
माझ्या वडिलांना विसरण्याचा आजार आहे. जेवणाआधी प्रार्थना करतात. दोन घास झाले की विचारतात, "प्रार्थना केली का?" परत डोळे मिटून सगळं पहिल्यापासून. एका भाकरीला चार-चार वेळा आभार. आमटी गार. सुरुवातीला मी "झाली हो पप्पा, झाली!" असं ओरडायचो. बायको म्हणाली, गरम करून आणते, बसा. आता ती आमटी आधीच कमी गरम ठेवते आणि आम्ही चारही वेळा आमेन म्हणतो. शिकलो वगैरे म्हणणार नाही. कधी कधी अजून ओरडतो.

साताऱ्याची सून
विटेकर भाऊ 🙏 वहिनींना सांभाळा. त्या स्वतः कधी जेवतात?

विटेकर
खरं सांगू? हा प्रश्न मी कधी विचारलाच नव्हता. आत्ता विचारून आलो. "तुम्हाला कशाला आज आठवलं" म्हणाली.

अनामिक
विरस करायचा नाही, पण प्रत्येक गोष्टीत धडा शोधू नका. माझी धाकटी बहीण बाळंतपणात गेली. माती झाली त्याच संध्याकाळी तिघांनी मला "देवाचा हेतू" समजावून सांगितला. एकाने तर वचन लिहिलेला फोटो पाठवला, गुलाबाची फुलं वगैरे. मी दोन वर्षं उपासनेला गेले नाही. मंडळीतल्या एक मावशी चार दिवस आमची धुणी धुवून गेल्या. काही बोलल्या नाहीत. बाळाची लंगोटंसुद्धा त्यांनीच धुतली. मी परत जायला लागले ती त्यांच्याशेजारी बसायला.

मिरजकरीण
बरं झालं लिहिलंत. बाळ कसं आहे?

अनामिक
पहिलीत. दात पडलेत पुढचे दोन. प्रार्थनेत "प्रभू" म्हणता येत नाही, "फ्रभू" म्हणतो.

तासगावचा बागायतदार
🙏🙏 पोराला द्राक्षं खायला आणा कधी बागेत. फेब्रुवारीत या.

हळदगल्ली
मिरजकरीण ताई, काकांच्या पैशांचं शेवटी काय झालं ते कळलं का? मला झोप लागणार नाही.

मिरजकरीण
तुमच्यासाठी आत्ता फोन केला मिरजेला. पप्पा म्हणतात, आले नाहीत, मी सोडले. आई म्हणते, अडीचच होते, तीन नव्हते. काकूला लावला तर ती म्हणते, आम्ही दिले होते, आणि वर दर दिवाळीला भडंग देतो ते कशात धरता? आता पप्पा आणि काकू फोनवर भांडताहेत.

हळदगल्ली
काकूंना विचारा, भडंगाला लसूण किती घालतात.