मिनी ट्रॅक्टर वीस मिनिटांत बंद पडतोय, मदत हवी आहे (सोलापूर)

काळीमाती_१३
नमस्कार मंडळी. दोन महिन्यांपूर्वी इंडीकडून जुना मिनी ट्रॅक्टर आणलाय. वीस मिनिटं झकास चालतो, मग बंद. अर्धा तास थांबलं की परत सुरू. इंजिनात डिझेल फवारणारे नोझल केले, डिझेलचा पंप केला, साडेसहा हजार गेले, फरक शून्य. मिस्त्री आता म्हणतोय इंजिन खोलू. २४ तारखेला बहिणीचं लग्न आहे, मंडप दारातच. चार ट्रॉल्या मुरूम अंगणात ढीग होऊन पडलाय. मोठा ट्रॅक्टर फाटकातून आत येत नाही, फळी मारून मुरूम सपाट करायला हाच एक. कोणाला असा अनुभव असेल तर लवकर सांगा.

बार्शीचा_फिटर
किती एचपी? किती सिलिंडर? बंद पडताना कसा पडतो, झटक्यात की गुदमरत? धूर कसला? टेम्परेचरचा काटा कुठं असतो? एवढं सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार मालक.

नान्नजकर
ट्रॅक्टर इंडीचा म्हणजे पासिंग कर्नाटकचं. आधी कागद बघा. तिकडच्या आरटीओचं ना-हरकत, फॉर्म २८, आणलं का? नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५. माझ्या मेहुण्यानं कागदाशिवाय घेतला, मूळ मालक वारला आणि वारसांच्या सह्यांसाठी दीड वर्ष हेलपाटे घातले.

काळीमाती_१३
नान्नजकर दादा, कागदाचं बघतोय, आधी चालू तर होऊ द्या.
फिटर साहेब, १८ एचपी, तीन सिलिंडर, पाण्यानं थंड होणारं इंजिन. सकाळी लगेच लागतो. काटा मध्यावर असतो, गरम होत नाही. धूर नाही. बंद पडताना आधी रेस कमी होते, पाय दाबला तरी उचलत नाही, दोन-तीन आचके देतो आणि मग बंद.

दक्षिण_सोलापूर
डिझेलच्या नळीत हवा धरतोय. शंभर टक्के. फिल्टरवरचा स्क्रू सैल करा, बुडबुडे जाऊन सलग डिझेल येईपर्यंत सोडा, मग आवळा. मग पंपावरचा. तरीही नाहीच झाला तर नोझलचे नट सैल करून सेल्फ मारा. तेव्हा हात मात्र लांब. नोझलचा फवारा कातडी फोडून आत जातो, माझ्या गड्याचं बोट त्यानं सुजलं होतं आणि कापून धुवावं लागलं.

बार्शीचा_फिटर
हवा धरत असेल तर सकाळी सुरू व्हायलाच त्रास देईल. हा सकाळी लगेच लागतो म्हणतायत. हवेचं नाही हे.

दक्षिण_सोलापूर
नळीला बारीक चीर असली तर लोडवर हवा ओढते, उभा असताना नाही. मी पंधरा वर्षं ट्रॅक्टर चालवतोय.

मोहोळचा_आप्पा
एवढा खर्च करण्यापेक्षा विकून टाका आणि पॉवर टिलर घ्या. दीड-दोन एकराला आणि घरच्या कामाला टिलर पुरतो. माझा नऊ वर्षं झाली, पट्टे आणि ऑइल सोडलं तर खर्च नाही.

केगाव_डाळिंब
आप्पा, टिलरनं मुरमाची फळी मारून दाखवा. हाताची हाडं खिळखिळी होतात. काळीमाती, डाळिंब आहे का तुमच्याकडे? १५ बाय १० फुटांवर लागण असेल तर मिनी ट्रॅक्टर ओळीतून आरामात जातो, फवारणीचा ब्लोअरही चालतो. ट्रॅक्टर विकू नका.

काळीमाती_१३
डाळिंब आहे, अडीचशे झाडं, पण प्रश्न तो नाही हो. २४ तारीख तोंडावर आलीय. हवा कालच काढली दोनदा. काढल्यावर सुरू होतो, पण तसा तो नाही काढली तरी होतो. बंद पडला की मी टाकीत लिटर-दोन लिटर डिझेल टाकतो, वाट बघतो, मग लागतो.

जुळे_सोलापूर_काका
थोडं रॉकेल मिसळा डिझेलमध्ये. नोझलची घाण साफ होते.

बार्शीचा_फिटर
काका, कृपा करून असं सांगू नका. पंपाचे प्लंजर, म्हणजे आतले दट्टे, डिझेलच्याच वंगणावर फिरतात. रॉकेल पातळ पडतं, प्लंजर घासतात आणि पंप जातो. त्यांनी नुकता पंप करून घेतलाय. या पोराच्या कष्टाचे पैसे आहेत ते.

होटगी_रोड
थांबा जरा सगळे. काळीमाती, तुम्ही लिहिलंय की बंद पडल्यावर डिझेल टाकता, मग लागतो. डिझेल न टाकता, झाकणाला हात न लावता कधी लागलाय का? आणि दुसरं, टाकी गच्च भरलेली असताना लवकर बंद पडतो की अर्धी असताना?

काळीमाती_१३
झाकण न उघडता… आठवत नाही. प्रत्येक वेळी डिझेल बघायला उघडतोच. पण टाकी भरलेली असताना लवकर पडतो हे खरंय! परवा फुल केली आणि दहा मिनिटांत बंद पडला. मला वाटलं डिझेल खराब लागलं.

होटगी_रोड
झाकण कंपनीचं आहे की बदललंय?

काळीमाती_१३
बदललंय. आणल्यावर दुसऱ्याच आठवड्यात रात्री कोणीतरी डिझेल काढून नेलं, म्हणून कुलपाचं झाकण बसवलं. त्याचा इथं काय संबंध?

होटगी_रोड
तिथंच संबंध आहे. टाकीतून डिझेल जेवढं खाली जातं तेवढी हवा वरून आत यायला लागते. कंपनीच्या झाकणाला त्यासाठी बारीक भोक असतं. तुमच्या कुलपाच्या झाकणाला नसणार. आत हवा येत नाही, टाकीत ओढ तयार होते आणि डिझेल खाली उतरायचं थांबतं. टाकी भरलेली असली की वर हवेची जागा कमी, म्हणून ओढ लवकर येते. अर्धी असली की उशिरा. तुम्ही झाकण उघडता तेव्हा ओढ सुटते आणि तुम्हाला वाटतं डिझेल टाकलं म्हणून लागला.
एकच करा. बंद पडला की इंजिनाजवळ शांत उभं राहून झाकण हळू फिरवा आणि कान द्या.

दक्षिण_सोलापूर
पटत नाही. टाकीतून डिझेल ओढणारा फीड पंप असतो की, तो ओढेल. एवढ्याशा ओढीनं इंजिन बंद पडत नाही.

होटगी_रोड
फीड पंप असेल तर बराच वेळ ओढेल, मान्य. पण बऱ्याच लहान ट्रॅक्टरांत टाकी वर आणि पंप खाली असतो, डिझेल नुसतं वजनानं उतरतं. तिथं थोडी ओढही पुरते. काळीमाती, टाकीपासून पंपापर्यंत नळी बघा. मध्ये फिल्टरशिवाय काही आहे का? फीड पंपाचं हातानं दाबायचं बटण?

काळीमाती_१३
बटण नाही. टाकीतून नळी, मग काचेची वाटी असलेला फिल्टर, मग पंप. एवढंच. आता संध्याकाळी ऊन उतरल्यावर लावतो. आज पारा ४२ वर आहे, पत्र्याला हात लागत नाही.

मोहोळचा_आप्पा
झाकणाचंच असेल तर या पोराचे साडेसहा हजार पाण्यात गेले म्हणायचे. नोझल आधी खोलायची घाई कशाला केली त्या मिस्त्रीनं?

बार्शीचा_फिटर
मिस्त्रीला कोणी सांगितलं असेल झाकण बदललंय म्हणून? आम्हाला तरी कुठं सांगितलं यांनी. मीही विचारायला हवं होतं.

काळीमाती_१३
मंडळी!! सहा वाजता लावला. मुरमाच्या ढिगावर फळी टाकली. अठराव्या मिनिटाला रेस पडली, आचके आणि बंद. शिडीवर चढून झाकण अर्धा आटा फिरवलं तर हुश्श करून लांब आवाज आला, जसं ट्यूबचा व्हॉल्व्ह दाबल्यावर येतो. वडील जवळ होते, त्यांनीही ऐकला. डिझेल टाकलं नाही, थांबलोही नाही, सेल्फ मारला आणि लागला! मग झाकण सैलच ठेवून एक तास दहा मिनिटं चालवला. अंधार पडला म्हणून मीच बंद केला.

होटगी_रोड
छान. पण सैल झाकणानं रोज चालवू नका, आपल्याकडची काळी धूळ आत जाईल आणि पाऊस लागला तर पाणी. कंपनीचं झाकण परत बसवा.

दक्षिण_सोलापूर
होटगी रोडवाल्यांचं बरोबर निघालं. मी हवेवरच अडून बसलो. काळीमाती, आता त्या काचेच्या वाटीतही बघा, तळाला पाणी किंवा गाळ साठला असेल तर काढून धुवा. बसवताना रबर नीट बसवा, तिथूनच हवा धरते.

नान्नजकर
कुलपाच्या झाकणालाच दोन मिलिमीटरचं भोक पाडलं तर? चोरीचाही प्रश्न सुटेल.

बार्शीचा_फिटर
पाडता येतं, पण झाकण टाकीवरून काढून लांब नेऊन पाडा, चुरा टाकीत पडायला नको. आणि भोक उघडं ठेवू नका, वरून छोटी पत्र्याची टोपी हवी. माझं मत, जुनंच बसवा आणि ट्रॅक्टर रात्री दाराशी लावा.

काळीमाती_१३
जुनं झाकण टूल बॉक्समध्ये सापडलं. त्याचं भोकही मातीनं बुजलेलं होतं, सुईनं मोकळं केलं, तोंडानं फुंकलं तर हवा जाते. बसवलं. वाटीत खरंच बोटभर पाणी होतं, तळाला तपकिरी गाळ. धुतली, हवा काढली. आज सकाळी साडेसात ते साडेदहा, मध्ये फक्त चहाला थांबलो. मुरूम फाटकापासून मंडपाच्या जागेपर्यंत पसरून झाला, उद्या पाणी मारून दाबायचा. बहीण अंगणात चप्पल न घालता फिरून आली. होटगी रोड अण्णा, फिटर साहेब, सगळ्यांचे मनापासून आभार. इंजिन खोलायला मी परवा हो म्हणणार होतो.
फळी उचलणारी मागची लिफ्ट मात्र ती वर धरून ठेवत नाही, इंजिन बंद केलं की पाच मिनिटांत खाली येते. लग्नानंतर वेगळा धागा काढतो.

बार्शीचा_फिटर
काढा. आणि त्यात मागच्या ऑइलची पातळी, रंग आणि शेवटचं कधी बदललं हे आधीच लिहा. फळी वर ठेवून खाली हात घालू नका, जमिनीवर टेकवूनच काम करा.

नान्नजकर
आणि फॉर्म २८?

काळीमाती_१३
दादा, जुन्या मालकांना आत्ताच फोन केला. सोमवारी इंडीला जातोय, कागद घेऊनच येतो.